बटर, बॉस आणि नऊ सह्या

तुमच्या ऑफिसात ‘आउट ऑफ द बॉक्स’ हे शब्द आठवड्यातून किती वेळा ऐकू येतात? आमच्याकडे सोमवारच्या मीटिंगमध्ये किमान तीनदा. एकदा बॉसकडून, एकदा बॉसच्या बॉसकडून आणि एकदा अशा माणसाकडून, ज्याच्या अप्रेझलवर या दोघांचीही सही लागते!

क्रिएटिव्हिटी हे हल्ली कॉर्पोरेट जगातलं हळदीकुंकू झालंय. वर्षातून एकदा सगळ्यांना बोलवायचं, काहीतरी वाण हातात द्यायचं आणि घरी पाठवायचं. कधी ‘इनोव्हेशन डे’ असतो, कधी ‘आयडिया फेस्ट’. बाहेरून एक ट्रेनर येतो. तो आपल्याला गोल करून बसवतो, स्ट्रॉ आणि सेलोटेप देऊन पूल बांधायला लावतो. पॅन्ट्रीशेजारी दोन बीन बॅग्ज येतात. भिंतीवर जीभ काढलेला आइन्स्टाइन येतो. संध्याकाळी मग आणि टोपी घेऊन आपण घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच क्युबिकल, तीच एक्सेल शीट आणि ‘प्लीज रिव्हर्ट’वाले तेच मेल.

बॉस लोकांचा हेतू वाईट नसतो, हे मान्य. आपली माणसं नवा विचार करत नाहीत, याची त्यांना खरंच चिंता असते. पण खालच्या टपरीवर पाच मिनिटं चहा पीत उभं राहा. कुठला फॉर्म बिनकामाचा आहे, कस्टमर नेमका कुठे वैतागतो, कुठलं प्रॉडक्ट कसं विकलं तर धावेल, सगळं तिथे बोललं जात असतं. म्हणजे सुचण्याचा दुष्काळ नाहीये. दुष्काळ पडतो तो टपरी ते कॉन्फरन्स रूम या वाटेवर. आणि त्या वाटेवर असतात सह्या.

म्हणून माझं आपलं साधं म्हणणं. टीमला क्रिएटिव्ह कसं करू, हा प्रश्न बॉसने जरा बाजूला ठेवावा. माझ्या टीममधल्या एका छोट्याशा कल्पनेला किती सह्या लागतात, तेवढं फक्त मोजावं.

नऊ जणांचा होकार

माझी एक मैत्रीण एका मोठ्या कंपनीच्या मार्केटिंगमध्ये होती. नूडल्स, सूप, बिस्किटं विकणारी कंपनी. जुलैमधला धो धो पावसाचा दिवस. लोकल ठप्प, निम्मं ऑफिस दादर ते कुर्ल्यामध्ये कुठेतरी अडकलेलं. बाईसाहेब कशाबशा ऑफिसला पोचल्या आणि सकाळी अकराच्या सुमाराला त्यांना एक झकास ओळ सुचली. अडकलेला लोकलवाला आणि दोन मिनिटांत होणारं सूप, असं काहीतरी. डिझायनरनं अर्ध्या तासात चित्र करून दिलं. दुपारच्या आत कंपनीच्या पेजवर गेलं असतं, तर अख्ख्या मुंबईनं फॉरवर्ड केलं असतं.

मग मेल निघाला. ब्रँड मॅनेजर म्हणाला, भारी, पण सीनिअरला दाखव. सीनिअर म्हणाल्या, मस्त, पण लीगलला विचार. लीगलला प्रश्न पडला की लोकल दाखवली तर रेल्वे काही म्हणेल का. कम्युनिकेशनवाल्यांना प्रश्न पडला की पाऊस ही आपत्ती आहे का आणि आपत्तीवर हसावं का. रीजनल हेड टूरवर होते. एकानं लोगो मोठा करायला सांगितला, एकानं ओळ छोटी करायला. नववा होकार आला तेव्हा १९ दिवस उलटून गेले होते. बाहेर ऊन पडलं होतं आणि लोकल चक्क टायमावर धावत होत्या.

गंमत बघा, या सगळ्या प्रवासात कुणीही नाही म्हटलं नव्हतं! नऊ जण, नऊ होकार. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं. आणि त्या नऊ चोख कामांमध्ये ती ओळ गुदमरून गेली.

पुढे आठ महिन्यांनी तिनं राजीनामा दिला. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये एचआरनं फॉर्म पुढे केला. त्यातला एक प्रश्न होता, आपल्या कंपनीत क्रिएटिव्ह कल्चर वाढवण्यासाठी काय करता येईल? तिनं तो रकाना कोरा ठेवला. मला नंतर म्हणाली, ‘‘अगं, सुचायचं काही थांबलं नव्हतं. सांगायचं थांबलं होतं.’’

हे ऐकून मला त्या कंपनीचंच वाईट वाटलं. चांगली माणसं जातात त्याच्या कितीतरी आधी त्यांची बडबड जाते. मीटिंगमध्ये सगळं शांत असतं, बॉसला वाटतं टीम सेट झालीय. टीम सेट वगैरे काही झालेली नसते, टीम नोकरीच्या साइटवर असते.

आता जरा खिडकीबाहेर बघा

याच शहरात, याच पावसावर, याच लोकलवर आणि कालच्या मॅचवर एक होर्डिंग कित्येक वर्षं गमतीदार बोलत आलंय. ठिपक्यांचा फ्रॉक, निळे केस, वर रिबिन आणि हातात बटर लावलेला पाव. अमूलची ती मुलगी. बातमी ताजी असतानाच होर्डिंग तयार! ताजं ते ताजं, शिळं झालं की त्यात काही राम नाही. म्हणजे माझ्या मैत्रिणीचं जे काम होतं, अगदी तेच. मग यांना कसं जमतं?

त्यासाठी १९६६ मध्ये जावं लागेल. त्या वर्षी अमूल बटरचं काम एएसपी नावाच्या मुंबईतल्या जाहिरात कंपनीकडे आलं. तिथे होते सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि आर्ट डायरेक्टर युस्टेस फर्नांडिस. समोर तगडा प्रतिस्पर्धी होता, पॉल्सन. हे बटर त्या काळी मुंबईत इतकं मुरलेलं होतं की खुशामतीलाच लोक ‘पॉल्सन’ म्हणायचे. (मस्का मारणं ही ऑफिसातली कला किती जुनी आहे, बघा!)

अमूलच्या बाजूनं होते वर्गीस कुरियन. धवलक्रांतीवाले. इंजिनीअर माणूस, राहणार गुजरातमधल्या आणंदला. त्यांनी सुचवलं, एक खट्याळ मुलगी असू द्या. आणि दोन अटी घातल्या. चित्र काढायला सोपं हवं आणि लक्षात राहणारं हवं. कारण होर्डिंग्ज तेव्हा हातानं रंगवली जायची आणि ती सारखी बदलायची होती. रंगाऱ्याला शिडीवर उभं राहून भराभर काढता आलं पाहिजे ना!

आणि यानंतर कुरियननी जे केलं, ते आपल्या बॉस मंडळींनी कागदावर लिहून घ्यावं. त्यांनी जाहिराती मंजूर करायला मागितल्याच नाहीत. आधी आणंदला पाठवा, आम्ही बघतो, मग लावा, असा नियम त्यांनी ठेवलाच नाही. एजन्सीनं विषय निवडायचा, ओळ लिहायची, होर्डिंग लावायचं. क्लायंटनं ते लागल्यावर बघायचं, तुमच्याआमच्यासारखं!

पुढे सिल्व्हेस्टर यांचा मुलगा राहुल दाकुन्हा, लेखक मनीष झवेरी आणि चित्रकार जयंत राणे या त्रिकुटानं वर्षानुवर्षं हे काम पेललं. कुरियन २०१२ मध्ये गेले, सिल्व्हेस्टर दाकुन्हा २०२३ मध्ये. ती मुलगी मात्र अजून रोजच्या बातम्या वाचतेय. बॉस बदलले तरी रीत टिकली, याला मी खरं कल्चर म्हणेन.

चौकट आधी, मोकळीक नंतर

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळ्यांना मोकाट सोडायचं का? मुळीच नाही. अमूलच्या होर्डिंगइतकी घट्ट बांधलेली जाहिरात शोधून सापडणार नाही. मुलगी तीच. फ्रॉक तोच. वर चालू विषयावरची एक कोटी, खाली बटरचा उल्लेख. एवढी चौकट पक्की. आतमध्ये काय वाटेल तो दंगा करा.

आपल्याकडे नेमकं उलटं असतं. काम देताना बॉस दिलदार. ‘‘तुम्हाला फ्री हँड आहे, काहीही करा, मला फक्त वॉव हवंय!’’ आपण बिचारे चार रात्री जागून काहीतरी वॉव घेऊन जातो. मग खिशातून एकेक अट निघायला लागते. निळा रंग एमडींना आवडत नाही. मागच्या वर्षी असंच केलं होतं. बजेट एवढं नाहीये. फॅमिलीसमोर बघता येईल असं करा. हात मोकळे सोडायचे आणि शेवटच्या क्षणी मनगट धरायचं, याला फ्री हँड म्हणत नाहीत.

ज्या अटी शेवटी काढायच्या आहेत त्या पहिल्या दिवशी सांगा ना! अट असण्याचं दुःख नसतं हो. उलट अट असली की डोकं जोरात चालतं. भेळवाल्याकडे चार डबे असतात, त्यात तो किती प्रकार करतो! दुःख असतं ते केलेलं काम दाखवल्यावर अट कळण्याचं.

दणका कोण खाणार?

मोकळीक दिली की कधीतरी भानगड होणार. अमूलचीही झालीच. २००१ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या संपावर टिप्पणी केली तर विमान कंपनी बिथरली. जाहिरात काढा, नाहीतर विमानात तुमचं बटर देणं बंद, अशी धमकी आली. एका गणेशोत्सवात ‘गणपती बाप्पा मोर घ्या’ अशी कोटी झाली. मोरया आणि ‘मोअर घ्या’, कळलं ना? तर एका राजकीय पक्षाकडून निरोप, होर्डिंग उतरवा नाहीतर ऑफिस फोडू. एकदा मुलीच्या डोक्यावर गांधी टोपी चढवली, तर ती होर्डिंग्ज पुसावी लागली. म्हणजे काही वेळा माघारही घ्यावी लागली.

आता इथे जरा थांबा. आपल्या ऑफिसात असं झालं असतं तर? दुसऱ्या दिवशी मेल आला असता. ‘‘यापुढे सर्व क्रिएटिव्ह्ज खालील सहा जणांकडून मंजूर करून घेणे बंधनकारक आहे.’’ तुमच्या कंपनीतला कुठलाही लांबलचक फॉर्म काढून बघा. त्यातल्या प्रत्येक रकान्याखाली कुणाची तरी जुनी चूक पुरलेली असते. चूक करणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत जातो, रकाना मात्र आपल्या नशिबी राहतो.

अमूलनं तसं केलं नाही. एक होर्डिंग उतरवलं म्हणून पुढच्या होर्डिंगला शिक्का लावला नाही. एखादी चूक झाल्यावर बॉस काय करतो, यावर टीम पुढची दहा वर्षं कशी वागणार हे ठरतं. बॉस पुढे उभा राहिला, तर टीम पुन्हा धाडस करते. बॉसनं ‘‘हे कुणी केलं?’’ असा रिप्लाय-ऑल टाकला, की त्या दिवसापासून सगळे जण सेफ खेळायला लागतात. मग कितीही बीन बॅग आणा, त्यावर झोपायलाच लोक येतील.

आणि हो, सगळीच होर्डिंग्ज भारी नसतात. काही चक्क पीजे असतात! पण सारखं काहीतरी लागत असतं म्हणूनच त्यातलं एखादं आपल्याला वर्षानुवर्षं आठवतं.

म्हशीचं दूध आणि तज्ज्ञांचं मत

जाहिरातीचं ठीक आहे, तिथे गंमतच करायची असते, असं वाटत असेल तर याच कुरियनांचा दुसरा किस्सा ऐका. यात गंमत कमी, यंत्रं जास्त.

आणंद भागातलं दूध म्हणजे मुख्यतः म्हशीचं. थंडीत दूध उदंड यायचं आणि ठेवायचं कुठे हा प्रश्न पडायचा. पावडर केली तर टिकेल. पण जगभर पावडर व्हायची गाईच्या दुधाची. म्हशीच्या दुधाची पावडर होणं शक्य नाही, असं परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत होते.

कुरियनांचे एक मित्र होते, एच. एम. दलाया. अमेरिकेतल्या मिशिगनच्या विद्यापीठात दोघं एकत्र होते. दलाया डेअरी टेक्नॉलॉजीतले जाणकार. ते म्हणाले, होईल. आता कुरियन स्वतः मेकॅनिकल इंजिनीअर. दुधाच्या शास्त्रात दलायांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दलायांचं काम तपासायला समिती नेमली नाही. दलायांनी प्रयोगाचं बघायचं, आणि पैसा, परवानग्या, तज्ज्ञांशी वाद हे सगळं आपण अंगावर घ्यायचं, अशी सरळ वाटणी केली. १९५५ मध्ये आणंदला डेअरीचा नवा कारखाना उभा राहिला, पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं आणि म्हशीच्या दुधाची पावडर निघाली. जगात पहिल्यांदा.

यात बॉसला काय सुचलं? काहीच नाही! सुचलं दलायांना. बॉसनं ओळखलं की इथे आपल्यापेक्षा हुशार माणूस बसलाय, आणि त्याच्या आणि ‘अशक्य आहे’ म्हणणाऱ्यांच्या मध्ये तो उभा राहिला. अनेक बॉस मंडळींना वाटतं की सगळ्यात झकास आयडिया आपलीच असली पाहिजे, नाहीतर खुर्चीचा उपयोग काय. खुर्चीचा उपयोग हाच. मध्ये उभं राहता येतं.

‘पण आमचं काम वेगळं आहे हो!’

मला माहितीये, आता बँकवाले आणि फार्मावाले मान हलवतायत. ‘‘आमच्याकडे एक चूक म्हणजे रेग्युलेटरची नोटीस.’’ बरोबर आहे. लोकांचे पैसे, औषधाचं लेबल, पुलाचं डिझाइन यांवर सह्या हव्यातच, आणि त्या नीट वाचून केलेल्या हव्यात. पण तुमच्या ऑफिसात दिवसभर ज्या शंभर गोष्टींवर सह्या होतात, त्यातल्या किती अशा असतात? फ्रेशर्सच्या ट्रेनिंगचा नवा क्रम, कस्टमरला जाणारं साधं पत्र, एका ब्रँचमध्ये पंधरा दिवस करून बघायचा प्रयोग. याला काय रेग्युलेटर लागतो?

अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीचा एक किस्सा आहे. ही मुळात सँडपेपर बनवणारी कंपनी. तिथल्या रिचर्ड ड्रू या तरुणानं गाड्या रंगवणाऱ्या कारागिरांची पंचाईत पाहिली. दोन रंगांत गाडी रंगवताना मध्ये लावलेला कागद काढला की रंगही उचकटून यायचा. ड्रू सहज निघणाऱ्या चिकटपट्टीच्या मागे लागला. साहेब होते विल्यम मॅकनाइट. ते म्हणाले, हे सोड, सँडपेपरचं काम कर. पण ड्रूच्या डोक्यातून काही ते जाईना. त्याला एक मशीन हवं होतं. स्वतःच्या सहीनं तो १०० डॉलरपर्यंतचा खर्च करू शकत होता. पठ्ठ्यानं काय केलं, ९९-९९ डॉलरच्या ऑर्डर काढत मशीन मिळवलं! १९२५ मध्ये मास्किंग टेप बाजारात आली आणि पुढे चिकटपट्ट्या हा कंपनीचा मोठा धंदा झाला.

ड्रूनं नियम वाकवला, याचं कौतुक करायचं की नाही, तुम्ही ठरवा. मला कौतुक वाटतं मॅकनाइटचं. हे कळल्यावर त्यानं १०० डॉलरची मर्यादा १० वर आणली नाही. उलट तो स्वतः शिकला. माणसं जबाबदारी घेऊन काम करतात तेव्हा चुका होणारच, आणि चुकीवर तुटून पडणारा मॅनेजर पुढाकारच मारून टाकतो, असा विचार त्यानं १९४८ मध्ये लेखी मांडून ठेवला. कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा थ्रीएममध्ये आली ती याच विचारातून. तुमच्या मॉनिटरवर चिकटलेली ती पिवळी चिठ्ठी, पोस्ट-इट, जी १९८० मध्ये अमेरिकाभर विकायला आली, तीही याच वातावरणातून निघाली.

आता एक प्रश्न. तुमच्या टीममधला सगळ्यात ज्युनिअर माणूस कुणालाही न विचारता किती रुपये खर्च करू शकतो? उत्तर शून्य असेल, तर त्याच्याकडून येणाऱ्या कल्पनाही साधारण तेवढ्याच असणार.

ब्रेनस्टॉर्मिंगची गंमत

सह्या कमी केल्या, तरी मीटिंग उरतेच. आणि क्रिएटिव्हिटी म्हटलं की बॉसला पहिल्यांदा आठवतं ब्रेनस्टॉर्मिंग. हा प्रकार रुजवला अॅलेक्स ऑसबोर्न या जाहिरातवाल्यानं, बीबीडीओ या प्रसिद्ध कंपनीतला जो ‘ओ’, तो हाच. भरपूर कल्पना मांडा, टीका करू नका, दुसऱ्याच्या कल्पनेवर भर घाला, असे त्याचे नियम. ऐकायला छानच.

पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासून बघितलं गेलं. चार जणांचा गट एकत्र बसवला. दुसरीकडे चार जणांना वेगवेगळं बसवून विचार करायला लावला आणि त्यांच्या कल्पना एकत्र केल्या. एकटे बसलेले चौघे कितीतरी पुढे निघाले, जवळजवळ दुप्पट! १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोब या दोन संशोधकांनी याचं मुख्य कारण शोधलं. ते फार साधं आहे. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात, आणि थांबता थांबता विसरतात किंवा ‘जाऊ दे’ म्हणतात.

त्यात आपल्याकडे आणखी एक गोष्ट मिळवा. बॉस पहिला बोलतो. तो बोलला की पुढचा पाऊण तास सगळे त्याच्याच वाक्याला वेगवेगळे फ्रॉक घालत बसतात. यावर उपाय फुकटातला आहे. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून कागदावर लिहायचं. मग एकेकानं वाचायचं, ज्युनिअरपासून सुरुवात. बॉस सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा विचित्र वाटेल. पण एरवी मीटिंगमध्ये नुसती मान डोलावणारी मुलगी कागदावर काय काय लिहिते, ते एकदा वाचून बघाच.

घाई दोन प्रकारची असते

शेवटचा मुद्दा वेळेचा. ‘डेडलाइनशिवाय लोक कामच करत नाहीत’ हे अनेक बॉसचं लाडकं वाक्य. हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कंपन्यांमधल्या लोकांकडून रोज डायरी लिहून घेतली. त्यातून दिसलं ते असं. फार घाईच्या दिवशी लोकांना वाटतं आपण जाम क्रिएटिव्ह होतो, पण प्रत्यक्षात त्या दिवशी नवा विचार कमीच झालेला असतो. कारण दिवसाचे तुकडे झालेले असतात. हा कॉल, तो मेल, मध्येच ‘दोन मिनिटं येतोस का?’

पण एक अपवाद सापडला. घाई असूनही एकाच कामावर सलग लक्ष द्यायला मिळालं आणि ते काम खरंच निकडीचं आहे हे पटलेलं असलं, तर तेव्हाही झकास सुचतं. अमूलच्या होर्डिंगवाल्यांची घाई ही अशी. बातमी आजची आहे, म्हणून घाई. आपली बरीचशी घाई मात्र ‘संध्याकाळी सातला पाठव, मी सोमवारी बघतो’ या जातीची असते. माणसाला फरक लगेच कळतो.

बॉसच्या डेस्कवर चिकटवा

(हळूच. लंच टाइममध्ये. पिवळ्या चिठ्ठीवर.)

१. सह्या मोजा. टीमकडून आलेल्या शेवटच्या तीन कल्पना घ्या आणि प्रत्येक कल्पना कुणाकुणाच्या टेबलावर किती दिवस होती, ते लिहून काढा. आकडा बघून घाम फुटेल.

२. अटी पहिल्या दिवशी सांगा. एका पानावर, पाचपेक्षा जास्त नकोत. नंतर नवी अट आठवली तर ती पुढच्या कामाला लावा.

३. मंजुरीला मुदत घाला. ४८ तासांत उत्तर आलं नाही तर होकार समजायचा. ज्यांना खरंच हरकत आहे, ते बरोब्बर उत्तर देतील.

४. ज्युनिअरच्या हातात थोडे पैसे द्या. पाच हजार का असेनात. हिशोब नंतर मागा, कारण आधी मागू नका.

५. शेवटी बोला.

६. बोंबाबोंब झाली की पुढे तुम्ही उभे राहा, आणि टाळ्या वाजल्या की ज्याला सुचलं त्याला पुढे करा. याच्या उलट करणारे बॉस कसे असतात, ते सांगायची गरज नाही.

आणि आपण, जे अजून बॉस नाही आहोत, त्यांनी? काम हातात घेतानाच विचारायचं, ‘‘कशाला हात लावायचा नाही, ते आत्ताच सांगाल का?’’ बॉसलाही बरं वाटतं आणि आपल्या चार रात्री वाचतात. भली मोठी योजना मंजूर करून घेण्यापेक्षा पंधरा दिवसांचा छोटा प्रयोग मागायचा. त्याला नाही म्हणणं कठीण जातं.

खरं सांगू? हा लेख मी बॉस लोकांसाठी लिहिलेलाच नाही. ते कॉन्फरन्स कॉलवर आहेत. लिहिलाय तो तुमच्यासाठी. तुमच्यातले बरेच जण येत्या दोन-तीन वर्षांत टीम लीड होणार. नवं कार्ड, पगारात थोडी वाढ आणि सोबत एक नवा अधिकार, दुसऱ्याच्या कामावर सही करण्याचा. तो अधिकार सुरुवातीला फार गोड लागतो. प्रत्येक मेलमध्ये आपण सीसीला असावं, प्रत्येक ओळीत आपला एक शब्द असावा, असं वाटायला लागतं. आणि एक दिवस आपणच दहावी सही होऊन बसतो. म्हणून लीड झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक यादी करा, या या गोष्टींवर मी सही करणार नाही, तुम्हीच ठरवा. टीमला ती वाचून दाखवा. तुम्ही तिथे असेपर्यंत टपरीवरच्या गप्पा थोड्या कमी होतील आणि मीटिंगमधल्या वाढतील.

बाकी हा लेख छापून येण्याआधी किती जणांनी त्यावर सही केली, ते मात्र विचारू नका. अजून दोन बाकी आहेत!